मुरंब्यासाठी बारा घरं

मुरंबा हरवल्याला सव्वीस तास झाले होते. सुखदाला हा आकडा घड्याळात न बघताही सांगता येत होता.

मुरंबा म्हणजे तिचा नारिंगी बोका. सात वर्षांपूर्वी पुण्यात पार्किंगमध्ये सापडलेलं मुठीएवढं पिल्लू वाढत वाढत उशीएवढं झालं होतं. लग्नानंतर सुखदा बंगळूरला आली तेव्हा साहेबही गाडीच्या मागच्या सीटवर बसून आले. साताऱ्यापर्यंत रडले, बेळगावपर्यंत रुसले आणि पुढे झोपले. नवरा सुशांत सकाळी आठला बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघायचा आणि रात्री नऊला ट्रॅफिकला शिव्या घालत राजाजीनगरला परतायचा. सुखदाचं काम घरूनच चाले. दिवसभर तिच्या तोंडची मराठी ऐकायला एकटा मुरंबा असे आणि तोही निम्मा वेळ झोपलेला. दोन वर्षांत गल्लीतल्या कुणाचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. काल दुपारी मीटिंगच्या गडबडीत बाल्कनीची जाळी उघडी राहिली होती आणि ती तिनेच उघडी ठेवली होती. चिडायला दुसरं कुणी नसल्यामुळे ती स्वतःवरच चिडून होती.

गाड्यांखाली, गटारांत, जिन्याखाली शोधून झालं होतं. आज पाच वाजता लॅपटॉप मिटून तिने ठरवलं, गल्लीतलं एकेक दार वाजवायचं. दिवस दसऱ्याचे आहेत, हे काही तिच्या डोक्यात नव्हतं.

या दिवसांत इथे घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. वर लाकडी राजा-राणी, खाली देव, त्याखाली वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, अगदी क्रिकेटची टीमसुद्धा. संध्याकाळी बायका बाहुल्या बघायला येतात, आणि आलेलीला बसवल्याशिवाय, कुंकू, उसळ आणि पान-नारळ दिल्याशिवाय सोडायचं नाही अशी पद्धत. सुखदाने पहिल्या दारात मोबाइलवरचा मुरंब्याचा फोटो पुढे केला, तर रेशमी साडीतल्या यजमानिणीने तो न बघताच तिचा हात धरून तिला आत नेलं. बसवलं, हातात हरभऱ्याच्या उसळीची वाटी दिली आणि वरच्या पायरीपासून एकेका बाहुलीचा इतिहास सुरू केला. फोटोची पाळी वीस मिनिटांनी आली. असा बोका त्यांनी पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. चौथ्या घरी मात्र सुखदाच्या डोक्यात प्रकाश पडला. बोक्याचं विचारलं की लोक नुसती मान हलवतात, पण बाहुल्या बघायला आलेय म्हटलं की अख्खं घर उघडतं आणि सोफ्याखालीसुद्धा वाकून बघता येतं. त्या घरच्या श्वेता नावाच्या कॉलेजातल्या मुलीकडून तिने कन्नडमधलं एक वाक्य घोकून घेतलं, ‘गोंबे नोडोक्के बंदे’, म्हणजे बाहुल्या बघायला आले. मग तिचा सपाटा सुरू झाला. अंगात ऑफिसचा टी-शर्ट, खांद्यावरच्या पिशवीत नारळ आणि विड्याची पानं, कपाळावर थरांवर थर चढलेलं कुंकू, आणि बाई प्रत्येक घरी पायऱ्यांच्या मागे जाऊन, गुडघ्यांवर बसून, चादर उचलून बघतायत. यजमान मंडळी खूश. इतक्या बारकाईने आमच्या बाहुल्या कुणी पाहिल्या नव्हत्या, असं एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिला बाहुल्यांच्या आगगाडीची मागची वायरिंगही उघडून दाखवली.

अकरा घरं झाली. अकरा नारळांनी खांदा भरून आला. उसळ घशाशी आली होती आणि मुरंबा कुठेच नव्हता. रस्त्यावर उभी राहून सुखदाने पिशवी खाली ठेवली, तेव्हा ती रडायच्याच बेतात होती. सात वर्षं पायांशी झोपलेलं ते जनावर कुठल्या अनोळखी गाडीखाली गेलं असेल, हा विचार तिने दिवसभर दाबून ठेवला होता. आता तो काही दाबता येईना.

उरलं होतं एक घर, तिच्याच बाल्कनीच्या खाली, भिंतीपलीकडचं. दाराशी रांगोळी नव्हती, तोरण नव्हतं. सुखदाच्या ते लक्षात आलं नाही. तिने बेल दाबली. साध्या सुती साडीतल्या सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं आणि सवयीने सुखदाच्या तोंडून वाक्य निघून गेलं, “गोंबे नोडोक्के बंदे.”

बाईंच्या मागे हॉल रिकामा होता. समोरच्या भिंतीवर एका वयस्कर गृहस्थांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. सुखदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने अर्ध्या कन्नडमध्ये माफी मागितली, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि शेवटी सगळं संपल्यावर मराठीत म्हणाली, “चुकलं हो माझं.”

“मराठीतच बोल की,” बाई म्हणाल्या. “ये आत. एकच आहे, पण दाखवते.”

खिडकीशी एक आरामखुर्ची होती. तिच्यात घडी घातलेल्या शालीवर चारी पाय वर करून मुरंबा झोपला होता. त्याने एक डोळा उघडून सुखदाकडे पाहिलं आणि परत मिटला. सुखदा जमिनीवर बसली, त्याच्या पोटात तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडली. मुरंब्याला हा प्रकार अजिबात आवडला नाही, पण त्याने सहन केला.

मग पाणी आलं आणि गप्पा निघाल्या. बाईंचं नाव वसुमती. घराणं तंजावरकडचं, चार पिढ्या बंगळुरात, घरातली बोली मात्र मराठी. यजमान चैत्रात गेले. काल दुपारी बोका भिंतीवरून उडी मारून आला आणि सरळ त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. त्या खुर्चीत सहा महिन्यांत कुणी बसलं नव्हतं.

“याचं नाव ठाऊक होतं मला,” त्या म्हणाल्या. “तू वर बाल्कनीत याच्याशी दिवसभर बोलतेस, मी इथे बसून ऐकते. पण वर्ष व्हायचंय अजून. सणाच्या दिवसांत मी कुणाच्या दारी जायचं नाही, कुणी इथे यायचं नाही. कसं आणून द्यायचं?”

“खालून हाक मारायची ना मला, अक्का.”

वसुमतीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मारली होती,” त्या म्हणाल्या. “स्वल्प हळू मारली.”

सुखदाला कळायचं ते कळलं. काल रात्रभर ती जागी होती, आणि रागावण्याचा तिला पुरेपूर हक्क होता. राग काही आला नाही.

पिशवीत फोन वाजत होता. सुशांत ऑफिसातून लवकर निघाला होता आणि अजून ट्रॅफिकमध्येच होता. बोका सापडल्याचं तिने त्याला सांगितलं. तिने मुरंब्याला उचलून खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेली, तिथे घुटमळली.

“उद्या दुपारी मला मोठी मीटिंग आहे,” ती म्हणाली. “याला तुमच्याकडे सोडला तर चालेल?”

वसुमतीबाईंनी मुरंब्याच्या लोंबणाऱ्या पायाला हात लावला.

“सरी, चालेल,” त्या म्हणाल्या. “पण मीटिंग झाली की तूही ये. हा मेला नुसता ऐकतो, एक शब्द बोलत नाही.”