घेवड्याची कुंडी

दवाखान्यामागच्या मळ्यात राबणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे खतमामा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला राग येत नसे, कारण खताइतका अभिमान त्याला दुसऱ्या कशाचाच नव्हता. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडा पडलेल्या त्या जागेत त्याने उभं आयुष्य घालून माती केली होती. अलीकडे उन्हाळा भाजून काढायचा आणि पाऊस आला की सगळं धुऊन न्यायचा, त्यामुळे बाजारात भाजी येईलच याचा भरवसा उरला नव्हता. दवाखान्यातल्या रोग्यांच्या ताटात मात्र रोज भाजी पडत होती, ती या मळ्याच्या जिवावर.

खतमामाचा एक नियम होता. बाहेरून आलेलं खत, मग ते कुणाचंही असो, थेट वाफ्यात जायचं नाही. आधी थोडं कुंडीत घालून घेवड्याचे दाणे टोचायचे आणि पानं सरळ निघाली तरच ढिगाला हात लावायचा. घेवडा जात्याच नाजूक. मातीत काही वावगं असलं की पहिलं तोंड वाकडं करतो तो. या कुंडीपायी खतमामाने भल्याभल्यांची खतं परत पाठवली होती आणि त्यांच्या शिव्या हसत खाल्ल्या होत्या.

असा काटेकोर माणूस आयुष्यात चुकला तो फक्त लेकीच्या बाबतीत, आणि एकदा नाही, दोनदा.

लेक एकुलती एक, आईवेगळी, याच वाफ्यांत रांगून मोठी झालेली. पुढे मळा तीच सांभाळणार असं त्याने मनाशी धरलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिने लग्न ठरवलं ते नजर पोचणार नाही एवढा गहू पिकवणाऱ्या घरात.

"बाबा, टोपलीटोपलीने शेती करून लोकांची पोटं भरत नाहीत," ती म्हणाली.

झालं! म्हाताऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. "जा. तुझ्या हातून गवताची काडीसुद्धा उगवायची नाही!"

ती गेली. पुढे वर्षानुवर्षं ना फोन, ना निरोप. रागात तोंडून गेलेला शब्द मागे घेणं फार अवघड नसतं हो, पण बापांना कोण शिकवणार?

यंदा मळ्याला खत कमी पडतंय हे कुठूनसं तिच्या कानावर गेलं, आणि एका सकाळी फाटकाशी शेणखताचा ट्रक येऊन थांबला. "ताईंनी पाठवलंय," ड्रायव्हर म्हणाला. "घरच्या गोठ्यातलं आहे."

खतमामा मूठभर खत हातात घेऊन हुंगत राहिला. मग पोरासारखा धावपळ करत सुटला.

दवाखान्याची स्वयंपाकीणबाई दारातून बघत होती. "मामा, कुंडी लावली नाहीत?"

"लेकीने पाठवलंय. घरच्या माणसाची कसली परीक्षा घ्यायची?"

त्याने एकही वाफा वगळला नाही.

काही दिवसांनी टोमॅटोची पानं आवळलेल्या मुठीसारखी झाली. घेवड्याचे शेंडे पिळवटले, बटाट्याचे पाले मुडपले. कांदा तेवढा ताठ उभा. मग उरलेल्या खतात त्याने कुंडी लावली. कळायचं ते कधीच कळलं होतं, तरी लावली. रोप वाकडंच आलं. गव्हाला न बाधता त्यातलं रुंद पानांचं तण मारायला फवारलेलं औषध काडात उतरलं होतं, काड गुरांनी खाल्लं होतं आणि गुरांच्या पोटातूनही ते जिवंत बाहेर पडलं होतं. आता काही वर्षं इथे शेंग यायची नव्हती, आणि तेवढी वर्षं आपल्या गाठीला आहेत की नाहीत, हे खतमामाला ठाऊक नव्हतं. अवजारांच्या खोलीत बसून तो ढसाढसा रडला. स्वयंपाकीणबाई दारातूनच परतली. आमटीत पाणी वाढवून ती कामाला लागली.

एक गोष्ट त्याने पक्की ठरवली. लेकीला हे कळता कामा नये. इतक्या वर्षांनी पोर आपणहून वळली होती.

आणि लेक आली ती दुसरा ट्रक घेऊनच. फाटकाशी उडी मारून उतरली, हसत अवजारांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. केस पिकायला लागले होते तिचे. खतमामा धडपडत उठला.

"दारातच उभी करणार का, बाबा?" म्हणत ती खिडकीशी गेली आणि तिथेच थबकली. खिडकीत ती कुंडी होती.

"रोग पडलाय यंदा," खतमामा घाईने म्हणाला.

ती त्या मुडपलेल्या पानावरून बोट फिरवत राहिली. "माझ्या परसात अशीच येतात. दर वर्षी. घेवडा लावा, टोमॅटो लावा, सगळं असंच. शेणखत तर मी ओंजळी भरभरून घालते." मग हळूच म्हणाली, "घरात कुणाला बोलले नाही मी. मला वाटायचं, तुमचा शब्द लागला."

गप्प राहावं तर पोर जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देणार. बोलावं तर मळा उजाडल्याचं पाप तिच्या पदरात पडणार. खतमामाने तिचे दोन्ही हात धरले.

"तुझ्या हाताचा दोष नाही, बाळ. गव्हावर मारता ना, ते औषध आहे. ते शेणात उतरतं."

"म्हणजे माझा हात..." तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचं हसू उमटलं. मग तिची नजर खिडकीबाहेर वाफ्यांकडे गेली, तिथून फाटकातल्या ट्रककडे गेली, आणि हसू विझलं.

"आधी कुंडी का नाही लावलीत, बाबा? तुम्ही तर कुणालाच सोडत नव्हता."

"तुझं होतं म्हणून."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. तोही गुडघे धरत तिच्याशेजारी बसला.

बाहेरून ड्रायव्हरने हाक दिली, "ताई, उतरवू का?"

ती कशीबशी उठली, दारात गेली. "नको. परत न्या."

"नेतो. पण टाकू कुठे?"

तिने रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिलं. गावोगावची शेतं तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील; जिथे टाकावं तिथली रोपं अशीच वाकडी येणार होती. तिने वळून बापाकडे पाहिलं. मातीतलं सगळं कळणारा तो म्हातारा मान खाली घालून बसला होता, आणि कुठे टाकायचं ते त्यालाही सांगता येत नव्हतं.