पळस कुणाचं ऐकतो?

माघी पौर्णिमेला आमच्या गावात मरीमायच्या देवळापुढे पाच-सातशे माणसं एका झाडाकडे तोंड वर करून उभी होती. झाड पळसाचं. गेली दोन वर्षं याच पौर्णिमेला ते फुललेलं होतं, आणि ते पळसबाबांनी फुलवलं होतं. निदान बाबांचं म्हणणं तसं होतं आणि गावाने ते मान्य करून टाकलं होतं. म्हणून यंदा घाटाखालूनही लोक गाड्या करून आले होते. वर पाहावं तर काटक्या, चार वाळकी पानं आणि काळपट कळ्यांचे झुबके. फूल एकही नाही.

ढोल थांबले. बाबांनी हातातला चिमटा तीनदा आपटला.

"माँ नाराज है!" ते गरजले. "माँ का फूल किसी ने बाँध के रखा है! इसी गाँव की औरत है. जिस हाथ से बच्चों का खाना पकाती है, उसी हाथ से उसने माँ का फूल बाँधा है!"

हा माणूस अस्सल वऱ्हाडी, घाटाखालच्या एका खेड्यातला. पण अंगात आलं की हिंदी बोलायचा. देवीला मराठी का येत नाही, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती. मलाही नाही. मी शेषराव, गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. त्या गर्दीत मीही होतो आणि माझ्या हातात नारळ होता.

सगळ्या माना एकाच दिशेने वळल्या. मुलांचं जेवण गावात एकच बाई शिजवायची, शाळेत खिचडी करणाऱ्या विमलबाई. साठीच्या, विधवा, तोंडाने फटकळ. बाबांचा त्यांच्यावर राग का होता, तेही सांगतो. दिवाळीत शेजारच्या कोकिळाच्या तान्ह्या बाळाला ताप भरला. बाबांनी अंगारा दिला. विमलबाईंनी तो नाल्यात फेकला, बाळाला कडेवर घेतलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. बाळ वाचलं. वर त्यांनी देवळापुढे चारचौघींत सांगितलं, "गोवऱ्याची राख हाय थे. तिनं भांडे घासा."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या चौऱ्याऐंशी मुलांपैकी साठ जणांनी खिचडीला हात लावला नाही. आईबापांनी तशी ताकीद दिली होती. सार्वजनिक नळावर विमलबाईंची घागर कुणीतरी लाथेने उडवली. दारात टाचण्या टोचलेली लिंबं पडली. आणि मी काय केलं? त्यांना ऑफिसात बोलावून म्हणालो, "बाई, गाव शांत होईपर्यंत काही दिवस घरीच राहा."

"सर, तुमाले बी वाटते काय, म्या झाड बांधलं म्हनून?"

"मला नाही वाटत हो. पण गावाला..."

"मंग गावालेच शिकवा ना. तुमी त मास्तर हा!"

त्या गेल्या आणि मी हजेरीपटात डोकं घालून बसलो.

आमच्या शाळेत जयमाला मॅडम सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात. गेली तीन वर्षं त्या मुलांकडून एक वही लिहून घेत होत्या, फुलांची वही. शाळेच्या व्हरांड्यात एक तापमापी टांगलेली. रोज सकाळी साडेसातला आणि दुपारी मुलं तापमान टिपायची, पाऊस, ढग, धुकं लिहायची. गावाभोवतीच्या बावीस पळसांना खडूने आकडे घातले होते. कोणत्या झाडावर कळी कधी आली, पहिलं फूल कधी उमललं, सगळं तारीखवार. हवेचा फुलण्यावर काय परिणाम होतो, एवढाच त्यांचा प्रश्न. मी दर महिन्याला त्या वहीवर सही करायचो. उघडून कधी वाचली नव्हती.

त्याच आठवड्यात मॅडम ती वही घेऊन माझ्यापुढे आल्या. सोबत सातवीतली अर्पिता. ही रंगराव पाटलांची नात; रंगराव म्हणजे देवळाच्या समितीचे अध्यक्ष आणि बाबांचे पहिले भक्त.

"सर, पौर्णिमा पाहा," अर्पिताने वहीवर बोट ठेवलं. "दोन सालाआधी चोवीस फेब्रुवारीले होती. तवा झाड पुरं फुललं होतं. मागच्या साली बारा तारखेले आली. तवा फुलं मोजून नऊ होते, आमी मोजले. यंदा पौर्णिमा एक तारखेलेच. पौर्णिमाच दर साली मांगं येऊन राह्यली. झाड कसं येईन मांगं?"

मी चष्मा लावला.

"अन् यंदा थंडी पाहा. जानेवारीत अठरा दिवस पारा दहाच्या खाली होता. मागच्या साली पाचच दिवस. त्यात अवकाळी पाऊस, गारा. बावीसपैकी एकबी पळस फुलला नाही सर. विमलआजीनं काय बावीसच्या बावीस झाडं बांधले?"

बारा-तेरा वर्षांची पोर ती. जो प्रश्न तिला पडला, तो पाच-सातशे माणसांत एकालाही पडला नव्हता.

मॅडमनी पुढचं सांगितलं. त्यांची मैत्रीण संजीवनी घाटाखाली, नांदुऱ्याकडच्या एका शाळेत शिक्षिका. तिथली मुलंही अशीच वही ठेवतात, आणि दोन्ही शाळा नोंदी एकमेकींना पाठवतात. घाटाखाली उष्णता जास्त, म्हणून तिथला पळस आधी फुलतो. आमचा घाटावरचा, थंड. गेल्या दोन्ही वर्षी तिथल्या पहिल्या फुलानंतर अकरा ते तेरा दिवसांत देवळाजवळचा पळस फुलला होता.

"यंदा त्यांच्याकडे अजून फुललेला नाही," मॅडम म्हणाल्या. "फुलला की आपल्याला आपली तारीख काढता येईल."

संजीवनीबाईंचा निरोप आला: पहिलं फूल, सहा फेब्रुवारी. मुलांनी फळ्यावर हिशेब केला. सतरा ते एकोणीस.

महाशिवरात्रीला पंधरा तारखेला देवळापुढे पुन्हा गर्दी लोटली. या वेळी बाबांचा आवाज तुपात घोळल्यासारखा होता. "माँ ने मुझे दर्शन दिया. कहा, बेटा, उस औरत को गाँव की सीमा के बाहर कर दो. पाँच दिन में मेरा फूल खिलेगा. वो गाँव में रही, तो इस साल क्या, कभी नहीं खिलेगा!"

"बाहेर काढा तिले!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक त्याच्यामागे ओरडू लागले. ज्यांच्या पोरांना विमलबाईंनी सात वर्षं वाढलं, तीच ही माणसं.

सोमवारी सकाळी शाळेच्या रस्त्याकडच्या फळ्यावर अर्पिताने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "देवळाजवळचा पळस १७ ते १९ फेब्रुवारीदरम्यान फुलेल. विमलआजी गावातच राहतील. सातवीचा वर्ग."

तासाभरात रंगराव शाळेत आले. "पुसते का नाही थे? माह्या घरची पोरगी अन् देवीच्या आडवी जाते!"

"आबा, मी देवीबद्दल काहीच लिवलं नाही," अर्पिता म्हणाली. ती फळ्यापुढून हलली नाही. "झाडाबद्दल लिवलं. नाही फुललं त मीच पुसतो."

"मास्तर, तुमी सांगा हिले!"

माझ्या आयुष्यातली फार वर्षं अशा वेळी मान डोलवण्यात गेली आहेत. त्या दिवशी मात्र म्हणालो, "रंगराव, फळा राहील. आणि विमलबाई आजपासून कामावर आहेत. मी स्वतः पोलीस ठाण्यात तक्रार देऊन येतो."

दुपारी चार-पाच तरुण टेम्पो घेऊन विमलबाईंच्या दारात गेले. भावाकडे सोडून देतो म्हणाले. विमलबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी कुटं जात नाही. उलट झाडाखालीच जाऊन बसतो. बांधलं असन त सगळ्याईले दिसू द्या कसं बांधलं थे!"

आणि खरोखर त्या जाऊन बसल्या. सोमवारची पूर्ण दुपार, मंगळवारचा दिवस. मांडीवर सूप, सुपात शाळेचे तांदूळ. मॅडम शाळा सुटल्यावर यायच्या, मीही जायचो. मंगळवारी एक दगड आला आणि विमलबाईंच्या खांद्याला लागला. मारणारा गर्दीत लपला. त्यांनी तो दगड उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा खडे वेचू लागल्या. ठाण्यातून एक हवालदार आला, तेव्हा कुठे गर्दी पांगली.

बुधवार, अठरा फेब्रुवारी. सकाळी साडेसातला मुलं नोंदीसाठी देवळाकडे गेली. विमलबाई आधीच येऊन बसल्या होत्या. दक्षिणेकडच्या फांदीवर, जिथे सगळ्यात जास्त ऊन लागतं, तिथे तीन केशरी फुलं उमलली होती.

"फुललं!" अर्पिता किंचाळली.

गाव धावत आलं. बाबाही आले, चिमटा नाचवत. "देखा! देखा मेरा शब्द! तीन दिन में माँ ने फूल दिया!"

काही जणांनी सवयीने हात जोडले. रंगराव मात्र झाडाच्या बुंध्याकडे पाहत होते. "पन बाबा," ते हळूच म्हणाले, "ही त हितंच हाय. गेलीच नाही."

बाबांनी चिमटा पुन्हा आपटला. "शरीर यहाँ है. लेकिन उसकी काली विद्या रात को सीमा पार कर गयी."

"तुमी म्हनले होते, बाई गावात राह्यली त फूल कधीच येणार नाही," अर्पिता म्हणाली. "विद्येचं काहीच म्हनले नव्हते."

तेव्हा जयमाला मॅडम पुढे झाल्या. आदल्या संध्याकाळी संजीवनीबाईंनी त्यांच्या शाळेच्या नोंदी आणि फोटो पाठवले होते. तिथली मुलं फुललेल्या झाडाचा रोज एक फोटो काढतात. नऊ फेब्रुवारीच्या फोटोत पळसाखाली भगव्या लुंगीतला एक माणूस उभा होता. हातात मोबाइल, काखेत हाच चिमटा. आणि वहीत त्या दिवशीची नोंद होती. मॅडमनी ती मोठ्याने वाचली: "एक बाबा गाडीतून आले. पहिलं फूल कधी आलं, असं त्यांनी विचारलं. आम्ही सहा तारीख सांगितली. त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतली."

मॅडमचा मोबाइल हातोहात फिरला. रंगरावांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"बाबा, तुमी तिकडं नांदुऱ्याकडं काऊन गेलते?"

"माही मावशी राह्यते तिथं!" बाबा घाईघाईने बोलून गेले.

देवळापुढे बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी निघाली होती. मग मागून कुणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. मी हसलो नाही. दोन दिवसांपूर्वी हीच माणसं एका बाईला टेम्पोत घालायला निघाली होती.

"म्हंजे खालचं झाड पाहून तुमी वरचं सांगत होते," रंगराव म्हणाले. "हे त पोरंबी सांगून राह्यले. मंग तुमची काय गरज?"

बाबा गाडीकडे वळले, पण कालचा हवालदार गाडीला टेकूनच उभा होता. विमलबाईंनी ठाण्यात जबाब दिला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

शेवट गोड आहे असं समजू नका. बाबा जामिनावर सुटले आणि दुसऱ्या तालुक्यात त्यांनी नवं झाड धरल्याचं ऐकतो. रंगरावांनी विमलबाईंची माफी मागितलेली नाही. दगड कुणी मारला, हे पुऱ्या गावाला ठाऊक आहे, पण नाव कुणी घेत नाही. विमलबाई परत खिचडी शिजवतात, आणि पाच-सहा मुलं अजूनही घरचा डबा आणतात.

पळस फुलतो तो थंडी ओसरली आणि ऊन तापलं की. घाटाखाली आधी, घाटावर नंतर. हे कळायला कुठली सिद्धी लागत नाही. एक तापमापी, एक वही आणि रोज सकाळी डोळे उघडे ठेवण्याची चिकाटी एवढं पुरतं. शाळकरी मुलांना जे जमलं, ते आम्हा शिकल्यासवरल्यांना जमलं नाही. आम्ही तपासलं नाही आणि विचारलंही नाही.

तुमच्या गावात उद्या कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून तिला अपशकुनी म्हणेल, तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागा. इतरत्र काय घडलं ते पाहा. आणि उत्तर मिळेपर्यंत हातातला नारळ खाली ठेवून त्या बाईच्या बाजूला उभे राहा.