झालं का बोलणं?

ऑपरेटरबाईंनी टेबलाखालून संगणकाचा डबा दोन्ही हातांनी पुढे ओढला, मागची जाळी काढली आणि जुन्या रंगाच्या ब्रशने आतल्या पंख्याची धूळ झाडायला घेतली. धूळ निघाली ती थेट नाकात गेली. शिंका आवरत त्यांनी जाळी परत बसवली, डबा जागेवर ढकलला आणि बटण दाबून खुर्चीत टेकल्या. पडदा उजळला, तोही उपकार केल्यासारखा. बाण हलवावा तर तो मागून रखडत यायचा, आणि पंखा तर घाट चढल्यासारखा धापा टाकत होता.

"काय रे बाबा, धूळ नाही तर मग दुखतंय तरी कुठे?" त्या डब्याला म्हणाल्या.

गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. काल-परवापर्यंत ताडताड चालणारं यंत्र अचानक आजारी पडलं होतं. दुसऱ्या कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण बाईंचा दिवस या यंत्रावर टांगलेला होता, कारण यंत्रात बुद्धिबळाचा पट होता आणि पटापलीकडे चिमणी होती.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, बोर्डात दोऱ्या खोचून कॉल जोडणाऱ्या, एक या गावच्या बोर्डावर, दुसरी त्या गावच्या. चिमणीचा आवाज बारीक, बोलणं अखंड, म्हणून ते नाव. कॉल नसले की दोघी मधल्या रिकाम्या तारेवर डाव मांडायच्या. पट कुणाकडेच नसे. "घोडा वजिरापुढे," ही म्हणायची. "मेलीस तू आता," ती म्हणायची. एवढ्यात कॉल आल्याचा दिवा लागायचा, की डाव डोक्यात तसाच ठेवून कॉल जोडायचा आणि मग पुढची चाल. प्रत्यक्ष भेट व्हायच्या आधी दोघींचे इतके डाव झाले होते, की पहिल्या भेटीत त्या लाजून गप्पच बसल्या होत्या.

एक्स्चेंज बंद झाली, दोघी निवृत्त झाल्या, बाईंचे यजमान गेले, डाव मात्र सुटला नाही. लेकीने संगणक आणून दिला, चिमणीच्या मोबाइलवरही तोच खेळ घालून दिला. आता बाई सकाळी एक चाल करायच्या आणि चहा उकळेपर्यंत चिमणीचं उत्तर यायचं. डाव दुपारपर्यंत रंगायचा. रविवारी फोनवर हिशेब, कोण कुठे चुकलं, कुणी कुणाला शेंडी लावली. लेक विचारायची, "आई, एकटीला करमतं का?" तेव्हा बाई म्हणायच्या, "एकटी कुठे? मावशी आहे की तुझी."

आज त्यांनी लेकीलाच फोन लावला. फोनही जुनाच, जड रिसीव्हरचा. मोबाइल कानाला लावला की त्यांना बोलल्यासारखंच वाटत नसे.

"बंद करून चालू केलास का?" लेकीने विचारलं.

"केला. पंखाही झाडला."

"फोटो फार झाले असतील."

"फोटो सगळे तूच काढून नेलेस ना मागच्या खेपेला."

लेकीचा आवाज एकदम घाईचा झाला.

"मग राहू दे. रविवारी मी इथूनच आत शिरून बघते. तू कशाला हात लावू नकोस."

"अगं, माझा जन्म गेला यंत्रांपुढे."

"आई, ऐक ना. आत जे काही चालू असेल ते चालू राहू दे. काहीएक बंद करू नकोस."

बाईंनी रिसीव्हर ठेवला खरा, पण हात त्याच्यावरच राहिला. माणूस बोलतो काय आणि लपवतो काय, हे त्यांच्या कानांना फार लवकर कळायचं. नोकरीने दिलेली ही एक खोड होती. लेक घाबरली होती. स्वतःच्या आईच्या संगणकात बिघाड झाला म्हणून कुणी घाबरतं का?

बोर्डावर खरखर आली की बिघाड शोधायची एक रीत होती. अंदाज बांधत बसायचं नाही. एकेक दोरी काढायची आणि कान देऊन ऐकायचं. खरखर थांबली, की शेवटी काढलेल्या दोरीत दोष. बाईंनी पदर खोचला आणि लेकीचा शब्द मोडून तेच सुरू केलं. गाण्यांचा कार्यक्रम बंद केला. पंख्याची धाप तशीच. बातम्यांचं पान बंद केलं. तशीच. मग मागे लेकीनेच शिकवलेल्या तीन कळा एकदम दाबून त्यांनी आतल्या सगळ्या कामकऱ्यांची हजेरी उघडली, कोण किती राबतंय ते सांगणारी.

सगळ्यात वर जो होता, त्यानेच जवळजवळ सगळी ताकद खाल्ली होती. बाकीचे बिचारे उपाशी. बाईंनी चष्मा सारखा केला आणि इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली. नाव होतं चिमणी.

त्यांना हसूच आलं. लेकीने खेळाला मावशीचं नाव दिलेलं दिसतंय! त्यांनी त्या नावावर बोट ठेवून बंदची कळ दाबली.

पंखा गप्प झाला. बाण असा पळायला लागला, की हातात मावेना. बाईंना लहान मुलासारखा आनंद झाला. एकाही इंजिनिअरला न बोलावता बिघाड काढला होता! त्याच आनंदात त्यांनी पट उघडला, तर तो छान चालू होता. म्हणजे खेळ काही बंद झाला नव्हता. त्यांनी हत्ती पुढे सरकवला आणि चहा टाकायला गेल्या.

चहा झाला, पिऊन झाला, कपही विसळून झाला. उत्तर नव्हतं. पटावर चिमणीच्या नावापुढे ती हजर असल्याचा हिरवा ठिपका असायचा, तो विझला होता. जेवत असेल, बाई म्हणाल्या. मग झोपली असेल. ऊन खिडकीतून टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली उतरलं. शेवटी, आपणच काही घोळ घातला असेल म्हणून त्यांनी संगणक बंद केला आणि पुन्हा चालू केला.

पंखा धापा टाकू लागला. हिरवा ठिपका लागला. लगेच चिमणीचा उंट तिरका येऊन बाईंच्या हत्तीसमोर उभा राहिला.

बाईंनी तो कामकरी पुन्हा बंद केला. ठिपका विझला. संगणक बंद करून चालू केला. ठिपका लागला. त्यांनी हे पुन्हापुन्हा केलं, गरज नसताना. दिवा लागला म्हणजे पलीकडे माणूस आहे, या एका विश्वासावर त्यांची अख्खी नोकरी झाली होती. दिवा लागला की त्यांनी उत्तर दिलं होतं, डोळे मिटून.

आता एकेक गोष्ट ओळीने आठवायला लागली. चिमणीचा घोड्यांवर भारी जीव. वजीर जाऊ दे, पण घोडा देईन तर शपथ, अशी ती बाई. आणि हल्ली ती घोडे बिनदिक्कत देत सुटली होती. वयाने माणूस सैल होतं, असं बाईंनी समजून घेतलं होतं. उलट आपणच जिंकतोय म्हणून मनातून खूश होत्या! मधल्या एका रविवारी तर त्या चिमणीला म्हणाल्या होत्या, "झोपेत खेळतेस की काय गं हल्ली? फार सोपी झालीस." त्यानंतरच चिमणी एकदम अवघड झाली. आणि त्यानंतरच हे यंत्र रखडायला लागलं.

त्यांनी चिमणीला फोन लावला. पलीकडे गलका होता. बायका हसत होत्या, पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.

"अगं तू! आज काय मध्येच?" चिमणीचा आवाज अजून तसाच, बारीक.

"सहज. घोडा का दिलास आज?"

आज घोडा कुणी दिला नव्हता. चारही घोडे पटावर होते.

"काय करू बाई," चिमणी हसत म्हणाली, "तू कोंडलंसच तसं. द्यावा लागला."

"वाईट वाटलं असेल."

"मग! जीव तुटला माझा."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, पानं उचला, तुमच्यासाठी सगळ्या थांबल्यात!" चिमणीने मोबाइलवर हात धरला. तेवढ्यात बाईंनी एक चाल केली, आणि लगेच समोर पडद्यावर चिमणीचं प्यादं एक घर पुढे सरकलं.

"पाहुण्या आल्यात गं," चिमणी म्हणाली. "तुझी चाल बघितलीय मी. जरा विचार करू दे, मग खेळते."

"कर विचार," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

रिसीव्हर ठेवल्यावर त्यांना रडू आलं नाही. राग आला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारी कोण? जिच्या श्वासावरून त्यांना पुढची चाल कळायची ती. आपण रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून या पटापुढे बसत होतो. कुणासाठी? टेबलाखालच्या डब्यासाठी.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, चालतोय का गं नीट?"

"चिमणी कधीपासून खेळत नाही?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला नेला. तारेवर वाट पाहायची त्यांना सवय होती.

"तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनपासून," लेक शेवटी म्हणाली. "तेव्हा डाव थांबला होता ना. मग मावशींचा मला फोन आला. म्हणाल्या, आता पुन्हा सुरू नको. त्यांना कंटाळा आला होता, आई. खूप आधीपासून. तुला सांगायला त्यांची जीभ रेटेना."

"आणि तू तिच्या नावाने हे यंत्र खेळायला बसवलंस."

"तू जेवत नव्हतीस नीट. सारखं विचारायचीस, मावशीची चाल आली का. मला दुसरं काही सुचलं नाही."

"दर रविवारी ती माझ्याशी डावावर बोलते ते?"

"मी शनिवारी थोडं सांगून ठेवते त्यांना. कोण जिंकलं वगैरे."

म्हणजे दोघी मिळून. शनिवारी तालीम, रविवारी प्रयोग. बाई प्रेक्षकांत एकट्याच बसलेल्या, आणि टाळ्याही वाजवत होत्या.

"परवा अवघड कुणी केलं?"

"मावशी म्हणाल्या, तिला संशय येतोय, जरा वाढव. मी वाढवलं. ते जास्त विचार करायला लागलं, म्हणून तुझा संगणक हळू झाला. आई, रागावलीस?"

"रागावले तर," बाई म्हणाल्या. "तुझ्यावरही रागावले. पण तुझ्यावरचा जाईल."

लेक रडत होती. बाईंनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग अगदी कामाच्या आवाजात विचारलं,

"मला सांग, याला दोन्ही बाजूंनी खेळता येतं का?"

"म्हणजे?"

"माझ्या नावानेही एक लाव. तिची चाल आली, की माझी आपोआप जाऊ दे."

"आई, असं नको ना. मी मावशींना सांगते, तू बोल त्यांच्याशी."

"लाव. आणि तिला काही सांगू नकोस."

"संगणक मग अगदीच रखडेल गं."

"रखडू दे. मला आता त्याच्यावर कुठे काही करायचंय?"

रविवारी बाई डब्याकडे पाठ करून मटार सोलत बसल्या होत्या. टेबलाखाली पंखा छाती फुटेस्तोवर धापा टाकत होता आणि वर पडद्यावर दोघींचा डाव चालला होता. पाहायला कुणी नव्हतं. ठरल्या वेळी फोन वाजला.

"काय डाव टाकलास गं काल!" चिमणी म्हणाली. "मी तर थक्कच झाले. वय झालं तरी तुझी धार काही जात नाही."

"तूही काही कमी नाहीस."

"पण मजा येते नाही? अगदी पूर्वीसारखी."

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी पूर्वीसारखी."

चिमणी मग गुडघ्यांवर बोलली, सुनेवर बोलली, हवेवर बोलली. मध्येच मोबाइलवर हात धरून कुणाला तरी म्हणाली, "वाटा, वाटा, आलेच मी." बाई एकेक दाणा भांड्यात टाकत ऐकत होत्या.

एक्स्चेंजमध्ये दोरी काढण्याआधी नियम होता. तारेवर येऊन विचारायचं, झालं का बोलणं? कुणीही "चालू आहे" म्हणालं, की मागे सरायचं. कितीदा तरी दोन्हीकडची माणसं नुसती गप्प असायची, तरी कुणीतरी म्हणायचंच, चालू आहे. बाईंनी उभ्या नोकरीत कुणाची चालू दोरी काढली नव्हती. पुढे दोघींचा तो खेळच झाला होता. रविवारचं बोलणं लांबलं, की एकीने ते विचारायचं आणि दुसरीने हसून उत्तर द्यायचं, मग आणखी तासभर.

"झालं का बोलणं?" बाईंनी विचारलं.

चिमणी खळखळून हसली. "चालू आहे, चालू आहे!"

बाईंनी मटाराचे हात पदराला पुसले आणि रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.