बोट दाखवलेली काकडी

मी एक जुनी जाळीची पिशवी आहे. तशी फार जुनी नाही, पण माझे दोन जन्म झाले आहेत. दुसऱ्या जन्मात मी जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेले नाही. तुम्ही म्हणाल, पिशवीला कसला आलाय धक्का! ऐका तर खरं, मित्रांनो.

पहिल्या जन्मी मी मच्छरदाणी होते. मुठा गावात सगुणाबाईंच्या घरामागे दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं तिथे भाड्याने राहायला येतात. त्यांच्यासाठी मला आणलं होतं. डासांना बाहेर ठेवायचं काम मी चोख केलं. पण एका पाहुण्याने जळती कॉइल माझ्या कडेला टेकवली आणि मला ताटलीएवढं भोक पडलं. तो गृहस्थ साधं कुणाला सांगूनही गेला नाही. त्यानंतर वर्षभर मी माळ्यावर उंदरांच्या संगतीत पडून होते. माझी कुणी चौकशी केली नाही.

मग सगुणाबाईंच्या सुनेने, शुभांगीने, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. फळाला जाळीची पिशवी घातली की फळमाशी टोचत नाही आणि औषधही फवारावं लागत नाही, असं त्यात होतं. तिने मला खाली काढलं, धुतलं, कापलं, मशीनवर शिवलं आणि नाडी ओवली. माझ्या बऱ्याच पिशव्या झाल्या. बाकीच्या बहिणी दोडक्यांवर आणि कारल्यांवर गेल्या. मी सगळ्यांत लांब, म्हणून मला परसातली काकडी मिळाली. मी जरा तोऱ्यातच होते.

ती काकडी साधी नव्हती. लग्न होऊन येताना सगुणाबाईंनी माहेरून तिचं बी आणलं होतं. पावसाळी काकडी, जाड आणि पांढरट. बाजारातल्या काकडीला ती चव नाही. दरवर्षी एक काकडी तोडायची नाही, वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिचं बी काढायचं आणि राखेत घोळवून डब्यात ठेवायचं, असं चाळीस वर्षं चाललं होतं. गेल्या पावसात डब्यात ओल शिरली आणि बी बुरसटलं. जे बरं दिसलं ते सगळं सगुणाबाईंनी यंदा लावून टाकलं. एकच वेल जगला. त्याच्या पहिल्या तीन काकड्या बोटभर झाल्या आणि कुजून गळाल्या. चौथी राहिली होती. वेलही आता थकत आला होता. ही गेली की बी संपलं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, दाखवलं की फळ कुजतं म्हणतात. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवायचं. चुकून दाखवलं गेलं तर ते बोट दाताने चावायचं. पोरं हसत हसत चावतात.

त्या सकाळी शुभांगी मला घेऊन मांडवाखाली आली. भिमाबाई तिथे खुरपत होती. ती डोंगरातल्या वाडीवरची. वीस वर्षं या घरी कामाला येत होती. शुभांगीच्या हातात पिशवी बघून ती उठली, काकडीजवळ वाकली आणि सरळ बोट लावून म्हणाली, "वयनी, हितं बगा जरा."

सगुणाबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातावर फटका मारला.

"बोट दावतीस व्हय गं? तरीच म्हनलं, तीन कशा कुजल्या."

"आवो बाय, ऐका तरी, मी काय म्हन्ते..."

"काय ऐकायचं न्हाई. चाव बोट."

पन्नाशीच्या बाईला असं कुणी सांगतं? मी तर ऐकतच राहिले. शुभांगी खाली बघत राहिली. भिमाबाईने बोट दाताखाली धरलं. ती हसली नाही. मग तिने खुरपं बांधावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

खोटं कशाला बोलू? मला तेव्हा सगुणाबाईंचंच पटलं होतं. आता काकडीला कुणाचं बोट लागणार नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि खुशाल नाडी आवळून घेतली.

पहिले तीन दिवस माझं फार कौतुक झालं. माश्या यायच्या, माझ्यावर बसायच्या, आत शिरायला वाट शोधायच्या आणि हात हलवत परत जायच्या. शेजारच्या नलिनीताई मुद्दाम बघायला आल्या आणि फोटो काढून गेल्या. सगुणाबाई ज्याला त्याला सांगायच्या, "लई झ्याक काम केलं सूनबाईनं."

चौथ्या दिवशी मला आतून काहीतरी चिकट लागलं. काकडीच्या सालीवर डिंकासारखा थेंब आला होता. पुढे ती एका बाजूने मऊ पडली, पिवळी झाली. मग एका दुपारी साल फाटली आणि आतून पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या. एक तर टणकन उडून माझ्यावर आदळली. अगं बाई, मी गारच पडले. नाडी घट्ट होती, मला कुठे एक टाका उसवलेला नव्हता, मग या आल्या कुठून?

हळूहळू डोक्यात उजेड पडला. मला बांधायच्या आधीच माशी फळाला टोचून आत अंडी घालून गेली होती. तिने पाडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक अजून सालीवर दिसत होतं. भिमाबाईने बोट लावलं होतं ते बरोबर तिथेच. म्हणजे आठवडाभर मी राखण केली ती अळ्यांची. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून मी त्यांना जपलं होतं. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी नाडी सोडली आणि एका बाजूने लगदा झालेली काकडी त्यांच्या हातात आली. शुभांगी धावत आली.

"आत्या, पिशवी तर घट्ट व्हती."

सगुणाबाई बराच वेळ ती काकडी फिरवून बघत होत्या. मग त्यांना ते भोक सापडलं.

"हितंच," त्या म्हणाल्या. "हितंच ती दावीत व्हती."

"व्हय. मला तवाच वाटलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तिला बोट चावायला लावलंत तुमी. मी काय बोलनार?"

सगुणाबाईंनी मला धुतलं, घडी करून कमरेला खोचलं आणि वाडीची वाट धरली. वाडीवर पोचल्यावर भिमाबाईचं घर कुठलं, हे त्यांना लोकांना विचारावं लागलं. वीस वर्षांत त्या तिथे कधी गेल्याच नव्हत्या. हे बघून मला पुन्हा धक्का बसला.

भिमाबाईच्या छपरावर काकडीचा वेल चढला होता. त्यावर एक मोठी पिवळी काकडी होती. चार वर्षांपूर्वी सगुणाबाईंनीच तिला चिमूटभर बी दिलं होतं. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. भिमाबाईने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला.

"चुकलं माजं, भिमे. तू माशीचं भोक दावीत व्हतीस."

"व्हय. पयल्या तिनी तशाच गेल्या. फूल मिटलं की त्याच सांजेला पिशवी बांदायची, मग माशी टोचत न्हाई. त्येच सांगत व्हते."

"उद्यापासनं ये."

भिमाबाईने छपरावरची पिवळी काकडी तोडली आणि सगुणाबाईंच्या ओटीत घातली.

"बी घिऊन जावा. तुमचंच हाय."

"आन तू?"

"मी न्हाई यायची, बाय."

तिचा आवाज जराही चढला नाही. सगुणाबाईंनी मला तिच्याजवळच ठेवलं. त्याच संध्याकाळी तिने मला नुकतं फूल मिटलेल्या एका कोवळ्या काकडीवर बांधलं. त्या काकडीला अजून डाग लागलेला नाही.

मित्रांनो, पिशव्या जरूर बांधा. पण वेळेवर बांधा, आणि आधी फळ हातात घेऊन चारी बाजूंनी बघा. आत काय चाललंय ते मला दिसतं, पण सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं, त्याचं बोलणं तरी पुरं ऐकून घ्या.

सगुणाबाई आता दर सोमवारी वाडीवर येतात आणि दारात बसतात. भिमाबाई त्यांना पाणी देते. उठताना त्या विचारतात, "येशील का?" ती मान हलवून नाही म्हणते आणि रिकामा तांब्या उचलून आत जाते.