पिवळ्या पट्टीवरची निळी पेटी

मी एक जुनी, निळी शीतपेटी आहे. माझ्या झाकणाचा खटका सैल झाला आहे, कोपरे खरचटले आहेत आणि आजकाल रुग्णालयाच्या सामानखोलीत चादरींच्या गठ्ठ्याखाली मी दिवस काढते. पण मित्रांनो, माझ्या अवतारावर जाऊ नका. या माझ्या पोटातून मी एका मुलीचा जीव परदेशी पोचवला आहे. तेव्हा जे पाहिले, त्याचे नवल मला अजून पुरते पेलत नाही.

कारखान्यातून माझ्या बहिणी सहलींना गेल्या, सरबताच्या बाटल्या सांभाळायला. मला मात्र दवाखान्याने उचलले. माणसाच्या हाडांच्या आत मऊ मज्जा असते आणि त्याचे रक्त तिथे तयार होते, हे मला तिथेच कळले. कुणाची मज्जा आजाराने बिघडली, तर आधी ती औषधांनी पार मारून टाकतात. मग दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या पेशी त्याच्या रक्तात सोडतात. त्या पेशी आपली वाट आपणच शोधत हाडांपर्यंत जातात आणि तिथे घर करतात. त्यांना रस्ता कोण सांगते? डॉक्टरांनाही विचारा, तेसुद्धा नुसते हसतात.

अशा पेशी देशोदेशी नेण्याचे काम माझे आणि बाईंचे. बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आणि हे काम त्या हौसेने, विनामोबदला करत. त्यांचा एकच दंडक होता. पेटी खाली ठेवून हात सोडायचा नाही. सोडायची ती समोरच्याच्या ताब्यात देऊनच. विमानात डुलकी लागली तरी माझा पट्टा त्यांच्या पायात अडकवलेला असे. शेजारचे प्रवासी विचारत, "एवढं काय सोनं आहे हो यात?" बाई म्हणत, "सोनं असतं तर वर सामानात नसतं का टाकलं?"

मग जगभर साथ पसरली. देशांनी आपापली दारे लावून घेतली. बाहेरून येणाऱ्याने चाचणी दाखवायची, तोंड झाकायचे, दोन आठवडे एका खोलीत बंद राहायचे, असे नियम आले. काही देशांनी तर परक्यांना येऊच नका म्हणून सांगितले. नेमके अशाच एका देशात आम्हांला जायचे होते. तिथे एक सात वर्षांची मुलगी वाट पाहत होती. तिची मज्जा औषधांनी आधीच मारून टाकली होती. आता तिला मागे फिरायला वाट नव्हती. पेशी वेळेत पोचल्या तर ती जगणार होती, नाहीतर नाही.

विमानतळावरच्या एका मोठ्या रिकाम्या दालनापर्यंतच बाईंना येऊ दिले. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. पट्टीच्या अलीकडे बाई आणि मी, पलीकडे रुग्णालयातून आलेल्या सिस्टर, नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात. मध्ये तपासणी अधिकारी उभे होते.

"पेटी पट्टीवर ठेवा आणि मागे व्हा," अधिकारी म्हणाले.

"खाली ठेवून सोडता येत नाही. ती त्यांच्या ताब्यातच द्यायची, असा आमचा नियम आहे."

"आणि दोघांत दोन मीटर अंतर, हा आमचा."

"मी हात लांब करून घेते की," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, जवळ गेलात तर तुम्हांलाही दोन आठवडे खोलीत बसावं लागेल. मग ही दवाखान्यात नेणार कोण?"

खरे तर दोघांचेही बरोबर होते. दोन्ही नियम जीव वाचवायलाच केलेले, आणि दोघांच्या मध्ये एक जीव अडकलेला. बाई पुटपुटल्या, "जन्मभर पोरांना नकाशावर सीमा काढायला शिकवलं. आता भोगा!"

अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग ते रांग लावायच्या खांबांपाशी गेले आणि त्यांच्यामधला लांब कापडी पट्टा त्यांनी सोडवून आणला. जंतुनाशकाने पुसून तो माझ्या कडीतून ओवला. एक टोक बाईंकडे सरकवले, दुसरे सिस्टरकडे. "बाई, तुम्ही वर उचला. सिस्टर, तुम्ही खाली धरा. आणि कुणीही सोडायचं नाही हं!"

बाईंनी टोक डोक्याच्या वर नेले आणि मी घसरत निघाले. फरशी पुसणारा माणूस जागीच थांबला. पहारेकरी खुर्च्यांवरून उठले. मधोमध आले तेव्हा मी कोणत्याच देशात नव्हते, आणि तरी दोघी मला धरून होत्या. माणूस भिंती घालण्यात हुशार आहे हे मला ठाऊक होते. त्यांच्या पलीकडे हात पोचवण्यातही तो इतका हुशार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

"सांभाळा हो तिला," बाई ओरडल्या. हे माझ्यासाठी होते की त्या मुलीसाठी, कोण जाणे. त्या त्याच विमानाने परत गेल्या, आणि मी सिस्टरांबरोबर या रुग्णालयात आले. पुन्हा मी त्यांना पाहिले नाही.

वॉर्डात डॉक्टरांनी माझ्यातली पेशींची पिशवी काढून टांगली. मुलीची आई दारातून पाहत होती. "एवढीशीच?" तिने विचारले. "एवढी पुरते," डॉक्टर म्हणाले, "मानवली तर." मग कित्येक दिवस रोज तिचे रक्त तपासत राहिले. आणि एके सकाळी सिस्टर धावतच आल्या. मुलीच्या अंगात नवे रक्त तयार होऊ लागले होते!

"हिचा रक्तगटही आता बदलेल," डॉक्टर म्हणाले. "देणाऱ्याचा असेल तो."

"कोण हो ते?" आईने विचारले.

"ते सांगता येत नाही. तुम्ही कोण, हे त्यांनाही माहीत नाही."

ती आई अजून मुलीला तपासणीला घेऊन येते. पोरगी आता उंच झाली आहे, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. आई मात्र सावकाश येते, कारण वाटेत भेटेल त्याला ती धन्यवाद म्हणते. लिफ्टवाल्याला, औषधवाल्याला, रांगेतल्या परक्या माणसालाही. सिस्टर एकदा हसल्या, "अहो, त्यांनी काय केलंय?"

"नाव कळलं असतं तर एकाचे आभार मानून मोकळी झाले असते," ती म्हणाली. "आता कोण असेल, काय सांगावं?"

मित्रांनो, माझा खटका कुणी दुरुस्त केला तर मला बरे वाटेल, पण माझा तो हट्ट नाही. हट्ट एवढाच आहे की, रस्त्यात एखादा अनोळखी माणूस तुम्हांला धक्का देऊन गेला, तर लगेच तोंड सोडू नका. त्याच्यामुळे कुठे कुणाचे लेकरू जिने चढत असेल, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.