सतरा नंबरची पिन

बेल थांबेना, तेव्हा त्याने आधी पिनवरच संशय घेतला.

वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या बायकोच्या हाताशी बटण, खाली पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपात बेल, आणि मध्ये लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर. सगळी जोडणी त्याचीच; बटणाची वायर कॉम्प्युटरच्या कडेच्या पिनांपैकी सतरा नंबरच्या पिनला लावलेली. सुरुवातीला कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये या पिनला आतून आधार द्यायचं, म्हणजे बटण दाबलेलं नसताना तिला स्थिर ठेवायचं, राहून गेलं होतं, त्यामुळे बेल आपोआप वाजायची. तो धावत वर जायचा आणि बायको म्हणायची, "अहो, मी नाही बोलावलं. पण आलाच आहात तर उशी सरळ करा."

म्हणून त्या दिवशीही त्याने हात पुसले आणि आधी फाइल उघडली. ओळ जागच्या जागी होती. पिन इनपुट, आधार चालू. म्हणजे बटणच अडकलं असणार. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो जिना चढला.

"अगं, बोट काढ की आता! कान किटले माझे," तो दारातूनच म्हणाला.

बटण अडकलेलं नव्हतं. तिचा हात त्यावर तसाच पडला होता.

काही महिन्यांनी मुलगी चार दिवस राहायला आली. गच्चीवरची टाकी भरून वाहताना पाहून ती वर्कशॉपात आली आणि तिने कपाळावर हात मारला.

"जगाचे पंप दुरुस्त करता आणि आपलं पाणी रस्त्यावर! या छोट्या कॉम्प्युटरवरून मोटर बंद करता येईल की."

"पिन रिकामी नाही. एका पिनला एका वेळी एकच काम."

तिने लॅपटॉप जोडला. "बाकीच्या कामात अडकल्यात, खरंय. पण ही सतरा नुसती इनपुट होऊन ऐकत बसलीय. आउटपुट करा, म्हणजे मोटरला हुकूम देईल. एक ओळ तर बदलायचीय, बाबा."

"ती जळलीय."

तिने पडद्यावर पाहिलं. "छे, चांगली चालतेय. बटण कुणी दाबलेलं नाही, एवढंच सांगतेय."

मग तिची नजर वायरीमागोमाग जिन्यापर्यंत गेली. तिने लॅपटॉप हळूच मिटला.

"करा सवडीने," ती म्हणाली.

"करतो."

चार दिवसांनी मुलगी परत गेली. आता टाकी वाहू लागली की पाण्याचा आवाज येतो. हातातला पाना ठेवून तो उठतो आणि मोटर बंद करून येतो. ती ओळ बदलायची अजून राहिली आहे.