न जमलेला जॅम

भाचीने बरणी उलटी धरली. जॅम जागचा हलायला नको होता. तो सरळ तिच्या बाहीत शिरला.

"अगं, हा जॅम आहे की गंमत?" मामा ओरडले. कारखाना मामांचा, आणि एंझाइमचं खूळ भाचीचं.

गळ तिनेच घातली होती. फळाच्या पेशींच्या भिंती म्हणजे साखरेच्या लांबलचक साखळ्या, आणि विटांमधल्या चुन्यासारखं त्यांना धरून ठेवणारं ते पेक्टिन. एंझाइम या सगळ्याचे तुकडे करतं, भिंती कोसळतात, आणि तेवढ्याच सफरचंदांतून कितीतरी जास्त रस निघतो. मग उकळून एंझाइम मारायचं, नवं पेक्टिन घालायचं, की जॅम घट्ट बसला! आज मोठ्या दुकानांचा खरेदीदार चव बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर प्रयोगशाळा भाचीची. नाहीतर लेबलं चिकटवायला बस, असं मामांनी बजावलं होतं.

सकाळपासून ती पेक्टिन ओततच होती. जॅम काही केल्या जमेना.

"काका, एंझाइम घातल्यावर उकळलं होतंत ना?" तिने आचाऱ्याला विचारलं.

"छे छे! तुम्हीच म्हणालात ना ताई, तापवलं की मरतं? मी आधी सगळं उकळलं, चांगलं कोमट केलं, मग हळूच सोडलं. एकालाही धक्का लागला नाही!"

भाचीने कपाळ बडवलं. "अहो, मरायलाच हवं होतं ते! जिवंत आहे म्हणून तर माझं पेक्टिन खातंय!"

"खाऊ दे की. भूक लागते म्हणजे तब्येत ठणठणीत."

"आत्ताच्या आत्ता शेगडी पेटवा!"

"मारायला? हे पाप माझ्या हातून नाही व्हायचं."

ती स्वतःच काडी ओढतेय, तोवर खरेदीदार दारात. त्याने चमचा उचलला. जॅम त्याच्या टायवरून बुटापर्यंत गेला.

"सरबत आहे ते!" मामा किंचाळले. "पाण्यात घालून घ्या!"

त्याने घेतलं. मग आणखी एक ग्लास घेतला. "काय नितळ आहे हो! दर आठवड्याला पाठवा. पण अगदी असंच हं."

"अहो, पण ही चूक..." भाची बोलायला गेली. मामांनी तिच्या पायावर पाय दिला.

खरेदीदार गेल्यावर मामा म्हणाले, "एवढं शिकून तुला जॅम जमला नाही. न शिकता या आचाऱ्याला सरबत जमलं. प्रयोगशाळा आजपासून याची!"

संध्याकाळी आचारी लेबलांच्या टेबलापाशी आला. "ताई, फ्रीजमध्ये त्या बिचाऱ्या एंझाइमांना थंडी वाजत असेल का हो?"

"वाजतेच," भाची लेबल थापत म्हणाली. "शेगडीवर ठेवा त्यांना."